मोड नसलेले दागिने

गेल्या काही भागांत आपण दुसऱ्यांच्या धंद्यांचा इतिहास ऐकला, आणि मग साहजिकच तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की ताई, तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल कधी बोलणार? तर आज तेच. मी लाकडाचे दागिने करते. कानातले, बांगड्या, माळा. बारा वर्षं झाली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लहान लेथ मशीन, एक तारेची करवत, कानशी, पॉलिशपेपर, आणि सगळ्यांवर मिळून भुशाचा थर. एवढाच स्टुडिओ.

बोलताना इतिहास आणि घरातलं भांडण एकमेकांत मिसळणार आहे, ते आधीच सांगते. कारण मी सोनाराच्या घरातली आहे. आजोबा कोल्हापुरात गुजरीत कारागीर होते, अण्णा म्हणजे माझे वडीलही त्याच कामात. आणि अण्णांनी माझं पहिलं कानातलं हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला होता, "चांगलं आहे गं. पण ह्याला मोड किती?"

मोड म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असेल. दागिना परत विकायला नेला तर सोनार जी किंमत देतो ती. मराठी घरात दागिना घेतानाच मोडीचा विचार असतो. अडीनडीला, मुलाच्या फीला, विहिरीला, दवाखान्याला. लाकडाला मोड शून्य. मी तेव्हा चिडले होते. आज वाटतं, लाकडी दागिन्याचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आहे.

आता जरा मागे जाऊ. सोनारानेच कान टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण टोचल्यानंतर काय व्हायचं? गावाकडे भोक बुजू नये आणि पिकू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घालायचे. माझ्याही कानात होती. रोज जरा फिरवायची, आठवड्याने थोडी जाड काडी घालायची. म्हणजे बघा, सोन्याची रिंग यायच्या आधी आपल्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यातला पहिला दागिना लाकडाचाच घातलेला आहे. फक्त त्याला दागिना कोणी म्हटलं नाही. रिंग आली की काडी उकिरड्यावर.

हे उकिरड्यावर जाणं महत्त्वाचं आहे. सिंधमध्ये चन्हुदारो इथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा मणी बनवण्याचा कारखानाच सापडला. कार्नेलियनचे लांबट मणी, अर्धवट भोक पाडलेले मणी, भोक पाडायची दगडी गिरमिटं. साडेचार हजार वर्षांनंतरही त्या कारागिराचा हात आपल्याला दिसतो, कारण दगड टिकला. ज्याने त्याच काळात बाभळीचा किंवा बोरीचा मणी कोरला असेल त्याचं काहीच उरलं नाही. वाळवी, पाऊस, चूल. आपल्या हवेत लाकूड जमिनीत टिकत नाही. म्हणून "प्राचीन भारतातले दागिने" असं पुस्तक उघडलं की धातू, दगड, शंख आणि हस्तिदंत भेटतं. लाकडाचं प्रकरणच नसतं.

पण एक पुरावा आपल्या तोंडात आहे असं मला वाटतं. हा माझा अंदाज, इतिहासकारांचा निकाल नव्हे. आपल्या सोन्याच्या दागिन्यांची नावं म्हणून बघा. बोरमाळ. जोंधळी मणी. जवमणी. पोहेहार. चाफेकळी. कोयरी. गहू तोडे. सगळं शेतातलं, झाडावरचं. सोनं बोराचं सोंग घेतं, जोंधळ्याचं सोंग घेतं. आधी खरं बी, खरं फळ, लाकडाचा खरा मणी दोऱ्यात ओवला गेला असणार आणि ऐपत आल्यावर त्याचं सोन्यात रूपांतर झालं असणार. अण्णांना हे पटत नाही. ते म्हणतात, नाव काहीतरी ठेवायला लागतं म्हणून ठेवलं.

लाकडाचा एक दागिना मात्र महाराष्ट्रात अखंड चालत आला आहे, आणि गंमत म्हणजे त्यालाही आपण दागिना म्हणत नाही. तुळशीची माळ. वाळलेल्या तुळशीच्या काटक्या तोडायच्या, मणी कातायचे, भोक पाडायचं, १०८ ओवायचे. पंढरपुरात काशीकापडी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. आषाढी-कार्तिकीला त्या माळा लाखोंच्या गळ्यात जातात. तुळस म्हणजे झाड नव्हे, झुडूप. तिचं खोड बोटाएवढं जाड मिळालं तरी नशीब. एवढ्या बारीक, गाभ्याला मऊ काडीतून मणी न फुटता काढणं किती अवघड आहे हे मला स्वतः करून पाहिल्यावर कळलं. माझ्या पहिल्या वीस मण्यांपैकी चौदा फुटले. आणि ही माळ मोडीसाठी कोणी घालत नाही. माळकऱ्याचं अख्खं वागणं तिच्यावर तारण असतं, पण सावकाराकडे ती तारण ठेवता येत नाही.

लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. शब्द आता कानावर कमी पडतो, पण त्याचा भाऊ जिवंत आहे: कातीव. "कातीव चेहरा", "कातीव बांधा" म्हणताना आपण नकळत कातारी माणसाच्या कामाची तारीफ करत असतो. पूर्वी हे यंत्र हाताच्या कमानीवर फिरायचं. धनुष्यासारख्या कमानीची दोरी लाकडाला एक वेढा देऊन पुढे-मागे ओढायची, आणि दुसऱ्या हाताने, कधी पायाच्या अंगठ्याचा आधार देऊन, पटाशी धरायची.

ह्या कामाचं मोठं गाव म्हणजे कर्नाटकातलं चन्नपट्टण, बेंगळुरूहून म्हैसूरला जाताना लागतं ते. लोक खेळण्यांसाठी ओळखतात, पण तिथे बांगड्या आणि मणीही खूप होतात. लाकूड काळ्या कुड्याचं. नाव काळा कुडा, लाकूड मात्र पांढरंशुभ्र, बारीक पोताचं, इतकं की इंग्रजांनी त्याला हस्तिदंती लाकूडच म्हटलं. तिथली पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुळ्यासारखी बघत राहिले. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला नुसती टेकवतात. घर्षणानेच ती वितळते आणि लाकडावर चढते. ना ब्रश, ना वाळवणं. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं वाळलेलं पान दाबून धरतात आणि लाख काचेसारखी चमकते. मशीन थांबवलं की मणी तयार. आंध्रातल्या एटिकोप्पाकालाही हेच लाकूड आणि हीच लाख, पण रंग हळद, नीळ असे वनस्पतींचे. ते मागे पडलेले रंग परत आणण्यासाठी सी. व्ही. राजू यांनी अनेक वर्षं घातली, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

बस्तरकडे निराळीच गोष्ट. मुरिया गोंडांच्या घोटुलमध्ये मुलगा आवडत्या मुलीसाठी लाकडाची फणी कोरायचा, आणि मुली त्या फण्या केसांत दागिन्यासारख्या खोचायच्या. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या त्यांच्या पुस्तकात ह्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. मोड नाही, वजन नाही, तरी फणी किती मोलाची हे तिथे सगळ्यांना कळायचं.

परदेशातलं एकच उदाहरण देते, कारण ते मला फार आवडतं. आयर्लंडच्या दलदलीत हजारो वर्षं गाडलं गेलेलं ओकचं लाकूड सापडतं, कोळशासारखं काळं झालेलं. एकोणिसाव्या शतकात डब्लिनचे कारागीर त्याचे ब्रोच, कानातले, बांगड्या कोरायला लागले. पुढे गरम साच्यात दाबून नक्षी उठवायची युक्तीही निघाली. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला, राणीने उरलेलं आयुष्य काळे कपडे घातले, आणि दुःखातही काहीतरी घालायला हवं म्हणून काळ्या दागिन्यांची मोठी लाट आली. जिच्या राज्यात कोहिनूर होता तिच्या काळात बायका चिखलातलं लाकूड अभिमानाने मिरवत होत्या. सुतक हे त्यांच्यासाठी निमित्त ठरलं. आपल्याकडे तसं निमित्त कधी आलंच नाही.

खरं तर येऊ शकलं असतं. १९६३ चा जानेवारी. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलन संपत आलेलं, आणि अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. १४ कॅरेटचं सोनं आपल्या बायकांना सोनंच वाटत नव्हतं. आणि आपल्या कारागिरांचा हात २२ कॅरेटच्या मऊपणाला बसलेला. देशभर सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. तीनेक वर्षांनी ती १४ कॅरेटची अट गेली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला तो १९९० पर्यंत होता.

आमच्या घरात हा इतिहास नाही, ही जखम आहे. आजोबा गुजरी सोडून हुपरीला चांदीच्या कामावर गेले. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे. आजीची बोरमाळ त्याच वर्षी मोडली, घरभाडं त्यातून गेलं. म्हणून अण्णा जेव्हा "मोड किती" विचारतात तेव्हा ते व्यापाऱ्यासारखं विचारत नाहीत, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. त्या काळात कोणी लाकडाकडे वळलं नाही, कारण अडचणीत बाईला नटायचं नव्हतं, तगायचं होतं.

लाकडाचीही आपली संकटं आहेतच. पहिल्या वर्षी मी केलेल्या बांगड्यांपैकी निम्म्या परत आल्या, मोडून. "मोड" आली ती अशी! कारण साधं होतं. फळीतून गोल कापला की कडीच्या दोन बाजूंना रेषा लांब धावतात, पण उरलेल्या दोन बाजूंना त्या आडव्या, आखूड पडतात, आणि तिथेच तडा. आता मी पातळ पापुद्रे वाफेवर वाकवून, रेषा आलटूनपालटून चिकटवते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ओलं लाकूड घाईने वापरलं की मार्चमध्ये हमखास फोन येतो. आणि भुसा. लाकडाच्या भुशाला कर्करोगाचं कारण म्हणून १९९५ मध्येच जागतिक यादीत घातलंय. शिसवीच्या भुशाने मला अंगावर पित्तासारखे चट्टे उठायचे. तीन वर्षं मी नाकाला नुसता रुमाल बांधून काम केलं. तुम्ही करू नका.

शिसम-शिसवीवरून आठवलं. जगातल्या सगळ्या शिसवी जातींचा व्यापार सायटिस करारानुसार २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रणात आला. निर्यात करायची तर लाकूड कायदेशीर असल्याची कागदपत्रं हवीत. उद्देश चांगलाच होता, चीनमधल्या फर्निचरसाठी जंगलंच्या जंगलं जात होती. पण माझं कानातलं चार ग्रॅमचं! बाहेरच्या दोन ऑर्डरी त्या फेऱ्यात गेल्या. २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत भारतातल्या शिसमच्या, दहा किलोच्या आतल्या वस्तूंना सूट मिळाली. तोवर मी आंबा, बाभूळ आणि जुन्या दरवाजांच्या सागाकडे वळले होते. वाड्यांच्या भंगारातला साग वाळून वाळून इतका शांत झालेला असतो की तो आता कुठे हलत नाही.

शेवटी एक सांगते. गेल्या दिवाळीआधी आत्याने तिची बोरमाळ मोडली. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सोनाराकडे मी आणि अण्णा सोबत गेलो. बोरमाळेचा मणी आतून भरीव सोन्याचा नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. मोड काढताना लाखेचं वजन वजा होतं. त्याने मणी तापवले, लाख एका वाटीत काढली, सोनं वेगळं तोललं. मी ती वाटी मागून घेतली. तो हसला, म्हणाला, "ताई, ह्याचं काय करणार?"

घरी आणून मी काळ्या कुड्याचा मणी लेथवर लावला आणि ती लाख टेकवली. नव्या लाखेसारखी ती सरकेना. साठ वर्षांत ती कडक झाली होती आणि सोनारकामातली विटेची भुकटीही तिच्यात असावी. मण्याच्या अंगावर नुसत्या तपकिरी चरेदार रेघा उठल्या. अण्णा दारात उभे राहून बघत होते. मणी हातात घेतला, नखाने खरवडून पाहिला, वास घेतला. "बाबांच्याच हातची भरणी आहे ही," म्हणाले. आणि खिशात टाकला.

मला अजून परत दिलेला नाही. पुढच्या भागात लाखेबद्दलच बोलू या, पळसावरच्या किड्यापासून सुरुवात करून. भेटू.