जुनी जिप्सी फटाके फोडते? आधी आवाज कुठून येतो ते बघा

कार्बोरेटरवाली जुनी जिप्सी चढावर ‘फट्ट’ करायला लागली की लगेच कार्बोरेटर खोलू नका. आधी आवाज ओळखा.

आवाज कार्बोरेटरमधून आला तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी अन् हवा जास्त पडतेय. पेट्रोल फिल्टर, जेटमधला कचरा, फाटलेली व्हॅक्यूमची नळी बघा.

सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन पेटतंय. अडकलेला चोक, काळे पडलेले प्लग, सायलेन्सरचा गळका जोड तपासा.

सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालं असेल, तर प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील. क्रम १-३-४-२ हवा. टायमिंगही तपासून घ्या.

एअर फिल्टर काढून स्टार्टर मारू नका, कार्बोरेटरवर वाकू नका. भडका तोंडावर येतो.