आवाज कोणाचा? पंचहौद ते केडगाव

"फादर, हे देव सांगतो आहे की माझेच मन?" धर्मगुरूच्या वाट्याला हा प्रश्न वारंवार येतो. लग्न, नोकरी, संन्यस्त जीवन, दुरावलेल्या भावाशी समेट, असे निमित्त कोणतेही असो. प्रश्न विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो आणि उत्तर सोपे नसते. पवित्र शास्त्राचे वाचन करा, प्रार्थना करा, असे आपण सांगतो, आणि ते खरेच आहे. पण प्रार्थनेत जे सुचते तेही आपल्याच मनात सुचते, ही तर खरी अडचण आहे.

संत इग्नाशियस लोयोला यांनी या अडचणीला थेट हात घातला. १५२१ साली पाय जायबंदी होऊन अंथरुणावर पडलेल्या या सरदाराच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन सुखावत असे, पण मागाहून कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागाहूनही टिके. पुढे त्यांचा अनुभव अधिक बारीक झाला. बार्सिलोना येथे तिशी उलटून गेल्यावर ते लॅटिन व्याकरण शिकू लागले, तेव्हा धातू पाठ करायला बसले की मनात दिव्य विचारांची गर्दी होई. मिस्सेच्या वेळी किंवा प्रार्थनेत असे होत नसे. ते व्याकरणाच्या वेळीच का, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि तो मोह आहे हे ओळखले. पवित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट देवाकडूनच येते असे नाही, हे सांगायला व्याकरणाचे पुस्तक कामी आले!

त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील एक नियम मला फार मोलाचा वाटतो. देवाने अंतःकरणाला स्पर्श केला तो क्षण वेगळा आणि त्यानंतरचा काळ वेगळा, असे तो नियम सांगतो. त्या मागच्या काळात अंतःकरण अजून उबदार असते, आणि त्या उबेत माणूस स्वतःचे बेत, स्वतःची अनुमाने रचू लागतो. ते बेत देवाचेच असतील असे नाही. ते वेगळे पारखून घ्यावे लागतात.

आपल्या पुण्यात या प्रश्नाशी झगडलेली दोन माणसे होऊन गेली. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृत पंडित, दोघांचाही संबंध अँग्लिकन मंडळींच्या पंचहौद मिशनशी. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण त्यांची झुंज आपल्याला परकी नाही.

पहिले नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५). काशीत वाढलेल्या, ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघालेल्या या शास्त्रीबुवांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला, 'षड्दर्शन दर्पण' लिहिला आणि पुढे याजकपद स्वीकारले. पण त्यांची बुद्धी जितकी तीक्ष्ण, तितकेच मन शंकेखोर. व्रतस्थ संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, तरी अखेरची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. प्रत्येक होकार ते पुन्हा तपासायला घेत. अशी अतिशंका हे देवाचे भय नसून मनाचा आजार असू शकतो, हे इग्नाशियस यांनी मान्रेसा येथे स्वतः भोगून लिहून ठेवले आहे. तरीही याच गोऱ्हे यांच्या एका पत्राने दुसऱ्या एका व्यक्तीच्या शंका फिटल्या. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरची काही वर्षे त्यांच्यात आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. तो प्रत्येक धर्मगुरूने वाचावा असा आहे. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे की नाही, गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, अशा बाबींवरून वाद झाले. मूळ प्रश्न निराळाच होता. रमाबाई ज्याला सदसद्विवेकबुद्धीचा आवाज म्हणत, त्यात सिस्टरांना अहंकार ऐकू येई. आणि सिस्टर ज्याला ख्रिस्तसभेचा आवाज म्हणत, त्यात रमाबाईंना भटशाहीचे जुनेच जोखड दिसे.

मी आज्ञापालनाचे व्रत घेतलेला माणूस आहे. सिस्टरांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. 'माझा देव मला थेट सांगतो' असे म्हणणारे किती जण स्वतःलाच ऐकत असतात! परंतु इंग्रजी शिष्टाचार आणि ख्रिस्ताची इच्छा यांतील सीमा सिस्टरांनाही नेहमी दिसली असे वाटत नाही. आपला आवाज देवाचा समजण्याची चूक अधिकाराच्या खुर्चीवरूनही होते.

खरी पारख झाली ती दुष्काळात. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून भूकबळींच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. अमेरिकेतून येणारी मदत त्या सदनातील बालविधवांपुरती होती. शेकडो अनाथ मुली पोसण्याची सोय त्यात नव्हती. जाऊ नये, अशी कारणे भरपूर होती आणि ती सगळी शहाणपणाची होती. पण १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक गेली होती. ती आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना, आणि त्या अस्वस्थतेतच त्यांनी देवाची हाक ओळखली.

कोणी म्हणेल, मग ही हाक कसली? ती तर स्मृतीची वेदना! पण देवाने बोलावे तरी कशातून? ज्या मनाला भूक ठाऊक होती त्याच मनाला त्याने भुकेल्यांसाठी हलवले. विचार आपला आहे एवढ्याने तो देवाचा नाही असे ठरत नाही. तो कुठे नेतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, ते पाहावे लागते. येथे रमाबाईंच्या पदरात मान पडणार नव्हता, पैसा तर नाहीच. शिवाय धर्मांतराचा आरोप पुण्यात आधीच होता. रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ सालीच सदनाचे सल्लागारपद सोडले होते.

त्या गेल्या. काही महिन्यांत सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी वाचवून आणल्या. त्यांना पुण्यात ठेवण्याचा विचार होता. पण शहरात प्लेग पसरलेला, आणि अधिकाऱ्यांनी सदनात नव्या मुली घेण्यास मनाई केली. इग्नाशियस यांचा नियम मला येथे आठवतो. मुली मरू नयेत ही हाक होती; पुणे हा त्या हाकेमागून आलेला स्वतःचा बेत होता. रमाबाईंनी हाक सोडली नाही, बेत सोडला. केडगाव येथे आधी शेतीसाठी घेतलेल्या उघड्या जमिनीवर मुलींना नेले, आणि मुक्ती सदन उभे राहिले ते असे.

केडगावात १९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनेची मोठी जागृती झाली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्याविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. मला अधिक बोलके वाटते ते त्याच काळात त्यांनी घेतलेले दुसरे काम. साध्या खेड्यातील बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि सतरा-अठरा वर्षे त्या कामाला दिली. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.