न दिलेली यादी

नाव, फोन, पत्ता, नोकरीचं ठिकाण. स्वयंसेवकांची यादी म्हणजे आपल्यासाठी एक एक्सेल शीट. लिंक ग्रुपवर टाकली की काम झालं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अशा याद्या साठवायचं काम आलं की मला १९५६चं अलाबामा आठवतं.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे राज्य. माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला होता. त्याच वर्षी, १ जूनला, राज्याचे ॲटर्नी जनरल जॉन पॅटरसन यांनी एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेला कोर्टात खेचलं. कारण वरवर साधं होतं: संघटना न्यूयॉर्कची, अलाबामात तिची नोंदणी नाही. कोर्टाने तिचं राज्यातलं काम लगेच थांबवलं. मग कागदपत्रं मागितली. त्यात राज्यातल्या सगळ्या सभासदांची नावं आणि पत्तेही होते.

संघटनेने बहुतेक कागद दिले. पदाधिकाऱ्यांची नावंही दिली. साध्या सभासदांची यादी मात्र दिली नाही. १०,००० डॉलरचा दंड झाला. तरीही यादी दिली नाही, तेव्हा तो १,००,००० डॉलर झाला.

ही सीमारेषा मला फार महत्त्वाची वाटते. पदाधिकारी उघडपणे पुढे आलेले होते. गुपचूप वर्गणी भरणाऱ्यांचं तसं नव्हतं. नाव बाहेर आलं की नोकरी जायची, धमक्या यायच्या. आधी तसं घडलेलं होतं.

वकील रॉबर्ट कार्टर यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात लढवलं. ३० जून १९५८ला निकाल एकमताने संघटनेच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं: सभासदांची नावं गुप्त राहिली नाहीत, तर लोकांना एकत्र येण्याचं स्वातंत्र्यच उरत नाही. तरी कामावरची बंदी उठायला १९६४ उजाडलं.

त्या यादीला ना पासवर्ड होता, ना एन्क्रिप्शन. ती वाचली, कारण काही माणसांनी दंड आणि बंदी दोन्ही सोसली. म्हणून कुणी स्वयंसेवकांसाठी फॉर्म बनवायला सांगितला, की मी प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारतो: ही माहिती खरंच लागणार आहे का? आणि उद्या कुणी ती मागायला आलं, तर नाही कोण म्हणणार?