पाटणच्या वाटेवर

काठमांडूला जाणारा मराठी प्रवासी पशुपतिनाथाचे दर्शन घेतो, स्वयंभू आणि बौद्धनाथाचे स्तूप पाहतो आणि पाटणसाठी बहुधा एखादी दुपार राखून ठेवतो. बागमतीच्या दक्षिणेला वसलेले हे शहर, म्हणजेच ललितपूर, एका दुपारीत छायाचित्रांपुरते हाती लागते. त्याच्याशी ओळख व्हावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांच्यासाठी ही पाने आहेत.

पाटण ही नेवार लोकांची नगरी. मल्ल राजांच्या काळात काठमांडू, भक्तपूर आणि पाटण ही तीन शेजारी राज्ये मंदिरे उभारण्यात एकमेकांशी चढाओढ करीत. १७६८ मध्ये पृथ्वीनारायण शाह यांनी पाटण जिंकले आणि ती राजसत्ता मावळली. विटा, लाकूड आणि धातू घडवणारे हात मात्र इथेच राहिले. १९७९ मध्ये काठमांडू खोऱ्याचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात पाटणचा दरबार चौकही आहे.

नवख्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे मंदिर हिंदूंचे की बौद्धांचे? हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी पूजा कोण करते, दर्शनाला कोण येते, हे पाहावे. रातो मच्छिंद्रनाथाचेच पाहा. हिंदू त्याला मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध करुणामय अवलोकितेश्वर. पुजारी बौद्ध आहेत आणि पावसासाठी निघणारा त्याचा उंच रथ सारे गाव मिळून ओढते. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगणाऱ्या आपल्याला हे नाव परके नाही. गोरक्षनाथाने नागांना रोखून धरल्याने पाऊस थांबला आणि त्याला उठवण्यासाठी त्याच्या गुरूला आणावे लागले, अशी कथा तिकडे सांगतात.

दुसरे उदाहरण कृष्णमंदिराचे. सिद्धिनरसिंह मल्लांनी १६३७ मध्ये हे शिखरशैलीचे दगडी मंदिर पूर्ण केले. पहिल्या मजल्यावर कृष्ण आहे, त्यावर शिव आणि त्याही वर लोकेश्वर. खालच्या पट्टीवर महाभारत, वरच्या पट्टीवर रामायण कोरलेले आहे आणि प्रसंगांखाली नेवारी मजकूर आहे. वाचकांनी चौथऱ्याभोवती सावकाश फिरून एखाद्या ओळखीच्या प्रसंगापाशी थांबावे. लिपी वाचता आली नाही तरी कथा तुम्हाला ठाऊक आहेच.

यानंतर दरबार चौक सोडून गल्ल्यांत शिरावे. घरांच्या मधल्या चौकात वसलेले बौद्ध विहार, म्हणजे बहाल, हा या शहराचा खरा कणा आहे. क्वा बहालात, म्हणजे सुवर्णमंदिरात, शिरताना चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. गाभाऱ्यातली सेवा एका लहान मुलाकडे असते आणि ती पाळीने बदलते. कुंभेश्वराचे पाच छपरांचे शिवालय पाहायला श्रावण पौर्णिमेला गेलात, तर तिथे जानवी बदलणाऱ्यांची गर्दी दिसेल. आपल्या श्रावणीचाच तो दिवस.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात दरबार चौकातली चार नारायण आणि हरिशंकर ही मंदिरे कोसळली. ढिगाऱ्यातून निवडलेले कोरीव खांब आणि तिरके आधार पुन्हा जागच्या जागी बसवून स्थानिक कारागिरांनी ती उभी केली. जुन्या लाकडाला नवा तुकडा जोडलेला जिथे दिसेल, तिथे जरूर थांबा. इथली परंपरा जपणुकीपुरती नाही, ती अजून कामाला लागलेली आहे, याचा पुरावा त्या जोडातच आहे.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. वास्तुशास्त्राची पूर्वतयारी लागणार नाही. सवड असेल तर मात्र वैशाखात जावे आणि रथाच्या दोराला हात लावता येतो का, तेही पाहावे.