निळा कोल्हा, पिंजरा आणि उलवे

पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची कथा वर्गात शिकवताना आम्ही बहुधा त्याच्या ढोंगावरच बोलतो. तो निळीच्या पिंपात पडला कशामुळे, हा तपशील मागे राहतो. भुकेपोटी तो नगरात शिरला, नगरातील कुत्री त्याच्या मागे लागली आणि जीव वाचवण्याच्या धडपडीत तो पिंपात पडला. रान आणि नगर यांच्या हद्दीवर घडणारी ही कथा आहे.

उलव्याचा विचार करताना ही हद्द पुन्हा डोळ्यांपुढे येते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाड्या, मिठागरे व भातखाचरे यांच्या प्रदेशात नवे शहर आखले गेले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला; ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या खारफुटीत सोनेरी कोल्हा मात्र अजून तग धरून आहे. वस्तीबरोबर उघडा कचरा येतो, कचऱ्याबरोबर उंदीर आणि भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांबरोबर रेबीजसारखे रोगही कोल्ह्यापर्यंत पोहोचू शकतात. मग नागरिकांनीच पिंजरे लावून या उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त का करू नये?

जगात असे घडलेले आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात सामान्य कुटुंबे परसात सापळे लावून उंदीर पकडतात. तेथे १९९९ मध्ये २२५ हेक्टरांच्या एका खोऱ्याभोवती कुंपण पूर्ण झाले आणि काका नावाचे देशी पोपट शहराच्या आकाशात परतले. २०१६ मध्ये तेथील सरकारने २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम यांपासून देश मुक्त करण्याचे ध्येय जाहीर केले. परंतु या सापळ्यामागे त्या बेटांचा इतिहास उभा आहे. वटवाघळे सोडली तर तेथे जमिनीवरचे देशी सस्तन प्राणी नव्हतेच. जे आले ते माणसाबरोबर आले, आणि त्यांची सवय नसलेले पक्षी त्यांच्या तोंडी सापडले. तेथे आगंतुक कोण, हे सांगणे तुलनेने सोपे आहे.

आपल्याकडील पिंजऱ्याचा इतिहास निराळा आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. भटक्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने शिपाई पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले, आणि कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. पिंजरा आणि पांजरपोळ हे एकाच घराण्यातले शब्द. एकात जीव अडकतो, दुसऱ्यात त्याला आसरा मिळतो.

पुढे १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवेचा संबंध दाखवला आणि उंदीर पकडणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम ठरले. मुंबई महापालिकेचे मूषकसंहारक हा त्याच परंपरेचा धागा. या दोन्ही प्रसंगी पिंजरा लावला तो सरकारने, आणि माणसाच्या संरक्षणासाठी. रानातल्या जिवासाठी तो लावावा, ही कल्पना त्यात कोठेच नव्हती.

ती कल्पना महाराष्ट्रात आली, पण पिंजऱ्याच्या रूपाने नव्हे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह समुद्री कासवांची अंडी राखली. अंड्यांना धोका होता माणसांचा, कुत्र्यांचा आणि कोल्ह्यांचाही. कार्यकर्त्यांनी कोल्हे मारले नाहीत; अंडी जाळीच्या कुंपणात हलवली आणि पिल्ले समुद्रात सोडली. म्हणजे वेळासला ज्याच्यापासून रक्षण करायचे, तोच कोल्हा नवी मुंबईच्या खारफुटीत रक्षणीय ठरतो! उपद्रव हा प्राण्याचा जातिगुण नसून स्थळकाळाचा संबंध आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर यांची उपद्रवी म्हणून वेगळी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती गेली, जरी एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार राहिला.

कुत्र्यांबाबत २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी पकडणे, निर्बीजीकरण, लसीकरण आणि त्याच जागी परत सोडणे हा मार्ग घालून दिला. उलव्यातील स्वयंसेवकाला पिंजरा हवाच असेल, तर तो असा परतीचा असेल. त्याहून मोठे काम उघडा कचरा बंद करण्याचे आणि खारफुटीत भराव पडू न देण्याचे आहे. ते काम नेटाने झाले नाही, तर कोल्ह्याला मागे सरकायला जागाच उरणार नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये उलव्यापासून फार दूर नसलेल्या तळोज्यात निळी कुत्री दिसली होती. कारखान्याच्या रंगाने दूषित झालेल्या पाण्याचा तो परिणाम होता. पंचतंत्रात कोल्हा निळा झाला, तळोज्यात कुत्रा. पिंप दोन्ही वेळी माणसाचेच होते.