बगदादचा आराखडा, ॲरिझोनाचे सभागृह

फिनिक्सला लागून असलेल्या टेंपी या गावी, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात, गॅमेज ऑडिटोरियम ही गोल, गुलाबी-विटकरी वास्तू उभी आहे. 16 सप्टेंबर 1964 रोजी युजीन ऑर्मंडी यांच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने तिथे पहिली मैफल केली. तेव्हापासून या वास्तूमागे एक शेरा लागला आहे, तो म्हणजे हा दुसऱ्या गावाचा, न वापरलेला आराखडा. शेरा निराधार नाही. 1957 मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी बगदादसाठी टायग्रिस नदीतल्या बेटावर ऑपेरागृह योजले होते. जुलै 1958 च्या उठावात राजे दुसरे फैसल मारले गेले आणि ती योजना बारगळली. विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेडी गॅमेज यांना सभागृह हवेच होते, तेव्हा तीच कल्पना टेंपीसाठी बेतण्यात आली. राइट आणि गॅमेज दोघेही 1959 मध्ये वारले. पुढचे काम राइट यांचे शिष्य विल्यम वेस्ली पीटर्स यांनी तडीस नेले.

तरीही मला वाटते, इथे उसनवारीचा हिशेब उलटा मांडायला हवा. बगदाद आणि फिनिक्स दोन्ही शहरे जवळपास 33 उत्तर अक्षांशावर, दोन्ही वाळवंटात नदीच्या आधाराने वसलेली. शिवाय बगदादचे कागद रंगवणारा माणूस 1937 पासून स्कॉट्सडेलजवळच्या टॅलिएसिन वेस्टमध्ये हिवाळे काढत होता. वीस वर्षे ॲरिझोनाचे ऊन-सावली पाहिलेल्या नजरेतून ते ऑपेरागृह उतरले. 1929 च्या फिनिक्समधल्या ऑर्फियम थिएटरशी त्याची तुलना करून पाहावी. तिथे छतावर आभाळ आणि सरकते ढग दाखवून प्रेक्षकाला बाहेरचा मुलूख विसरायला लावले आहे. गॅमेजमध्ये उलट, पन्नास उंच काँक्रीट खांबांची ओसरी बाहेरच्या उजेडाला सामोरी जाते. आतली बांधणीही विचारपूर्वक केली आहे. सुमारे 3,000 आसने असूनही शेवटचा प्रेक्षक रंगमंचापासून साधारण 35 मीटरच्या आतच बसतो. मधला सज्जा मागच्या भिंतीला टेकलेलाच नाही, तो सुमारे 44 मीटर लांबीच्या पोलादी तुळईवर पेललेला आहे. त्यामुळे आवाज सज्ज्याच्या मागूनही फिरतो आणि खालच्या रांगांना दबका, गुदमरलेला सूर ऐकावा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की वाळवंटाच्या जाणिवेशी याचा काय संबंध, अशी सभागृहे वातानुकूलनाने आणि मोटारींनी शक्य केली. यात बरेच तथ्य आहे. 1950 मध्ये फिनिक्सची वस्ती सुमारे 1 लाख 7 हजार होती, ती 1960 मध्ये 4 लाख 39 हजारांवर गेली. हद्दवाढ आणि गार हवेची यंत्रे ही त्यामागची मोठी कारणे होती आणि एवढ्या आसनांना प्रेक्षकही त्यातूनच मिळाले. पण यंत्राने आतली हवा थंड झाली, माणूस दारापर्यंत कसा यावा हे काही यंत्र ठरवत नाही. गॅमेजच्या दोन्ही बाजूंना सुमारे 60 मीटरचे पादचारी पूल थेट गाडीतळाकडे उतरतात आणि त्यांच्यावर छप्पर नाही. जानेवारीच्या संध्याकाळी ही चाल सुखाची आहे. जूनमध्ये दुपारच्या खेळाला येणाऱ्याला मात्र तीच अंगावर येते. राइट उन्हाळ्यात विस्कॉन्सिनला परतत असत. आराखडा वाळवंटाचाच आहे, फक्त तो हिवाळ्यातल्या वाळवंटाचा, आणि त्याची खरी त्रुटी मला बगदादशी असलेल्या नात्यापेक्षा या उघड्या पुलांत अधिक दिसते.