अर्धवट राहिलेली जुनी गाडी: पूर्ण करायची, की विकून टाकायची?

इंजिन खाली उतरवून पोत्यावर ठेवलेलं, दरवाजे भिंतीला टेकवलेले, काचा माळ्यावर. "दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणू" म्हणत सुरू झालेलं काम, आणि तेव्हापासून चार दिवाळ्या होऊन गेलेल्या. जुनी फियाट, अॅम्बेसेडर किंवा जीप अशा अवस्थेत अनेक घरांत उभी असते. ती वडिलांची किंवा आजोबांची असते, म्हणून विकवत नाही. आणि खर्च परवडत नाही, म्हणून पूर्णही होत नाही.

बहुतेक जण निर्णय घेताना इंजिनापासून सुरुवात करतात. खरं तर सुरुवात आरसी बुकापासून करायला हवी.

आधी कागद, मग पाना

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर आणि आसपासच्या गावांत हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात इथली दगडमातीची घरं कोसळली. हजारो माणसं गेली, आणि घरातल्या पेट्या-कपाटांतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली; सास्तूर त्यांपैकीच एक. त्यामुळे १९९३ च्या आधीची गाडी घरात असेल, तर तिचं मूळ पुस्तक मिळेलच याची खात्री नाही.

पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते. मालक हयात नसेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. कायद्यानुसार मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. प्रत्यक्षात हे वर्षानुवर्षं राहून जातं. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि भाऊ-बहिणींच्या संमत्या गोळा करत फिरावं लागतं. एक भाऊ पुण्यात, दुसरा हैदराबादला असेल, तर गाडी दुरुस्त करण्यापेक्षा हेच काम मोठं होऊन बसतं.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० करण्यात आलं. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर वेगळा. शिवाय नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ती चालती हवी. शेडमध्ये सुटी पडलेली गाडी इथेच अडकते. म्हणून पुढचा एकही रुपया घालण्याआधी आरटीओत (धाराशिवची पासिंग असेल तर एमएच-२५ च्या कार्यालयात) जाऊन थकबाकीचा एकूण आकडा विचारून घ्यावा. कधीकधी तो आकडाच निर्णय घेऊन टाकतो.

सोशल मीडियावर "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात" असे संदेश फिरतात. खासगी गाड्यांसाठी महाराष्ट्रात तसा सरसकट नियम नाही. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि परिसराबाबतचे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला तो सरकारी वाहनांना.

'व्हिंटेज' म्हणजे नक्की काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

'मूळ रूपात' ही अट ग्रामीण भागात बऱ्याच गाड्यांना बाहेर काढते. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जुन्या जीपांना डिझेल इंजिनं बसवली गेली. चालवायला ते सोयीचं होतं, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झाला की व्हिंटेजचा दावा संपतो. त्या बदलाची आरसीवर नोंद नसेल तर साधा व्यवहारही अडतो.

पत्रा बघा, रंग नको

बंद पडलेलं इंजिन दिसतं तितकं भीतीदायक नसतं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि दोन-चार दिवसांनी हाताने फिरवून बघायचं. जाम झालेली अनेक इंजिनं सुटतात. खरा खर्च असतो गंजाचा. जीपची चासी वेगळी असते, बॉडी कुजली तरी नवा पत्रा बसवता येतो. फियाट आणि अॅम्बेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दरवाजाखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि स्प्रिंग जिथे बसते ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघावी. तो आरपार गेला तर काम पुटीने भागणारं नाही.

या बाबतीत मराठवाड्याचं कोरडं हवामान फायद्याचं आहे. कोकणात किंवा मुंबईत उघड्यावर उभी राहिलेली गाडी जितकी खचते, तितकी इथे खचत नाही. पण काळ्या मातीवर टेकलेली आणि ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेली गाडी इथेही खालून सडते. उन्हाने रबर आणि सीट जातात, वायरिंग उंदीर खातात.

मग ठेवायची कोणी? कागद सरळ आहेत, पत्रा शाबूत आहे, निघालेले सगळे भाग घरातच आहेत आणि महिन्यातले दोन रविवार तिच्यासाठी देणारं माणूस घरात आहे, अशांनी. यातली शेवटची अट सगळ्यात जास्त वेळा खोटी ठरते. आधी घातलेले पैसे या हिशेबात धरू नयेत. ते गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. आता फक्त एवढंच मोजायचं: इथून पुढे किती लागणार, आणि पूर्ण झालेली तशीच गाडी बाजारात कितीला मिळते. साध्या पद्मिनीत बहुतेक वेळा पहिला आकडा मोठा निघतो. वडिलांची गाडी म्हणून तो फरक सोसायची तयारी असेल तर जरूर सोसावा, पण तो आकडा माहीत असताना.

विकायचं ठरलं तर गाडी सुटी करून विकू नये. जुन्या गाडीत मीटर, ग्रिल, बंपर, दिव्यांच्या कड्या हेच मिळत नाही. ते आधी विकून टाकले की उरलेल्याला भंगाराचा भाव येतो. प्रत्येक भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावलेली, एका जागी असलेली अर्धवट गाडी शौकिनाला चालते.

आणि फक्त डिलिव्हरी नोट लिहून, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून गाडी देऊ नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, गाडी पुढे किती हातांत गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक. फॉर्म २९ आणि ३० भरून, नाव बदलल्याची खात्री झाल्यावरच व्यवहार मिटवावा. भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावं आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर तोडलेली गाडीही कागदोपत्री आजोबांच्याच नावावर राहते.